उंबऱ्याआधीचे तीस मीटर

आप्पाच्या स्कूटरला मागे दोन जास्तीची चाकं आहेत. नरडाण्यात अशा गाडीला कोणी 'साइड व्हीलवाली' म्हणतं, कोणी सरळ 'अपंगाची गाडी' म्हणतं. पायाशी डाव्या अंगाला दोन कुबड्या उभ्या बांधलेल्या असतात. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून तो बंद आप्पानेच केला आहे. आप्पा माझा थोरला भाऊ. दोन वर्षांचा असताना त्याला ताप आला आणि तो ताप उतरला तो दोन्ही पायांतलं बळ घेऊनच. आज तो छप्पन्न वर्षांचा आहे. पाण्याच्या मोटारी वाइंडिंग करून देण्याचं त्याचं दुकान आहे. रब्बीच्या तोंडावर ज्याची मोटर जळते त्याला आप्पाशिवाय दुसरं कोणी आठवत नाही.

तांब्याची तार आणायला तो शिरपूरला जातो, कामासाठी शिंदखेड्याला, नात्यातल्या लग्नाला बेटावदला. मुंबई-आग्रा महामार्गावर कंटेनरच्या रांगेत कडेकडेने, हेल्मेट घालून, शांतपणे. रस्त्यावर तो कोणाहूनही कमी नसतो. त्याची अडचण गाडी थांबल्यावर सुरू होते. गाडी कुठे लावायची आणि तिथून दार किती लांब, हा त्याचा घरातून निघतानाचा पहिला प्रश्न असतो. आपण पत्ता विचारतो तसं तो पायऱ्या किती ते विचारतो. कुबड्यांवर त्याचं एक पाऊल साधारण दीड फुटाचं पडतं. कोणत्या कार्यालयात किती पावलं, किती पायऱ्या, कठडा आहे की नाही, फरशी खरखरीत की गुळगुळीत, असा सगळा तालुका त्याच्या डोक्यात मापून ठेवलेला आहे.

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये तो एका कार्यालयात कागदाच्या कामाला गेला. दारासमोर पत्र्याची शेड होती, तिच्याखाली एका मोटारीपुरती मोकळी जागा. आप्पाने तिथे स्कूटर लावली. आतून शिपाई आला आणि म्हणाला, इथे नको, साहेबांची गाडी लागते. आप्पा त्याला अहिराणीत म्हणाला, "भाऊ, हाई गाडी म्हनजे मना पाय शेतस. पाय बाहेर ठेईसन मी मझार कसा येऊ?" शिपाई वाईट माणूस नव्हता. त्याला सांगितलं होतं तेवढं तो करत होता. आप्पाने स्कूटर आवाराबाहेर निंबाखाली लावली आणि पावसात कुबड्या टाकत निघाला. दारातल्या चकचकीत फरशीवर कुबडीचं झिजलेलं रबर सरकलं. हाड मोडलं नाही, पण मनगट असं सुजलं की तीन आठवडे त्याच्याकडून तार ओढली गेली नाही. ऐन हंगामाआधीचे तीन आठवडे.

पुढच्या खेपेला त्याच कार्यालयातला एक कारकून स्वतःहून बाहेर आला. "आप्पा, तुमी बठा गाडीवर, मी येस बाहेर," म्हणत त्याने झाडाखालीच सही घेतली. घरी सगळ्यांना त्याचं कौतुक वाटलं, मलाही वाटलं. आप्पा मात्र जेवताना म्हणाला की तो पोरगा चांगला आहे, पण त्याची बदली झाली की मी पुन्हा पावसातच. त्या वाक्याने मी कायदा वाचायला घेतला. हा लेख त्या वाचनातून आणि त्यानंतर टेप घेऊन हिंडण्यातून आला आहे.

*

आपल्याकडे अपंगांसाठी पहिला सर्वंकष कायदा 1995 सालचा. तो 7 फेब्रुवारी 1996 पासून अमलात आला. त्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते आणि सरकारी नोकऱ्यांत तीन टक्के आरक्षण. सार्वजनिक इमारतीत उतार असावा, चाकाच्या खुर्चीला वापरता येईल असं स्वच्छतागृह असावं, हेही त्यात होतं. पण शासनाच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत, अशी पुस्ती जोडून. ही पुस्ती ज्याने सरकारी पत्रव्यवहार केला आहे त्याला नीट समजते. वीस वर्षं त्या मर्यादेच्या आड बहुतेक काम राहून गेलं.

नंतर संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा करार आला. भारताने तो 2007 मध्ये मान्य केला, आणि त्याला धरून दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 झाला. तो 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. प्रकार सातावरून एकवीस झाले, नोकरीतलं आरक्षण चार टक्के, उच्च शिक्षणात पाच टक्के. वर्तमानपत्रांत या आकड्यांवर भरपूर लिहून आलं. नोकरी ज्याला लागते त्याच्यासाठी ते मोठंच आहे. पण आप्पासारख्या स्वतःच्या पोटापुरतं स्वतः कमावणाऱ्या माणसाला लागणारी कलमं पुढे आहेत, चाळिसाव्यापासून सेहेचाळिसाव्यापर्यंत, आणि त्यांच्याबद्दल गावात एकही माणूस मला बोलताना भेटला नाही.

कलम 40 म्हणतं, केंद्र सरकारने सुगम्यतेची मानकं नियमांनी ठरवावीत. सुगम्यता हा शब्द जड आहे. त्याचा अर्थ एवढाच की माणसाला कोणाचा हात न धरता आत जाता यावं, काम करता यावं, बाहेर पडता यावं. कलम 41 बसथांबे, रेल्वे स्थानकं आणि विमानतळ यांच्याबद्दल आहे आणि त्यात वाहनतळाची जागा, स्वच्छतागृह, तिकीट खिडकी हे शब्द स्पष्ट घातलेले आहेत. कलम 44 प्रमाणे नकाशात ही सोय नसेल तर बांधकामाला परवानगी द्यायची नाही आणि बांधून झाल्यावर सोय दिसली नाही तर पूर्णत्वाचा दाखला द्यायचा नाही. कलम 45 जुन्या इमारतींचं. नियम जाहीर झाल्यापासून पाच वर्षांत प्रत्येक सार्वजनिक इमारत सुगम्य करायची. नियम जून 2017 मध्ये जाहीर झाले, म्हणजे ही पाच वर्षं जून 2022 मध्ये भरली. राज्यांना परिस्थिती पाहून मुदतवाढ देण्याची सोय त्या कलमात आहे. पण मुदत कशाची होती हेच ज्यांना माहीत नव्हतं त्यांनी वाढ मागितली असेल असं मला वाटत नाही.

या पंचेचाळिसाव्या कलमाचा दुसरा भाग मी दोनदा वाचला. शासनाने आणि स्थानिक प्राधिकरणांनी प्राधान्यक्रम लावून कृती आराखडा तयार करायचा आणि तो प्रसिद्ध करायचा, आणि तो कशासाठी, तर सर्व प्राथमिक आरोग्य केंद्रं, जिल्हा रुग्णालयं, शाळा, रेल्वे स्थानकं आणि बसथांबे यांच्यासाठी. हा कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर फक्त मुंबई-पुण्याचे मॉल असते, तर यादी अशी झाली नसती. प्राथमिक आरोग्य केंद्र, शाळा, रेल्वे स्थानक, बसथांबा: नरडाण्यासारख्या गावाचा सगळा सरकारशी संबंध या चार शब्दांत येतो. सुरत-भुसावळ मार्गावरचं स्थानक, महामार्गावरचा थांबा, जवळ एमआयडीसी, आणि गावात दवाखाना नि शाळा. यादी आपल्यासाठीच आहे.

*

आता मापं. महाराष्ट्रात डिसेंबर 2020 पासून एकत्रित विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली लागू आहे. मुंबई आणि आणखी काही क्षेत्रं सोडली तर नगरपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत आणि प्रादेशिक योजनेतल्या ग्रामीण भागालाही ती लागते. तिच्यात सार्वजनिक इमारतींसाठी लिहिलं आहे: अपंग व्यक्तींच्या किमान दोन मोटारींची जागा प्रवेशद्वाराजवळ, दारापासून जास्तीत जास्त 30 मीटरवर, त्या जागेची रुंदी किमान 3.6 मीटर, आणि ही जागा चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांसाठी राखीव आहे असा ठळक फलक.

साध्या मोटारीला अडीच मीटर पुरतात. मग 3.6 का? मोटारीचं दार पूर्ण उघडायचं, त्याला लागून चाकाची खुर्ची उभी करायची, सीटवरून खुर्चीवर सरकायचं आणि खुर्ची वळवायची, एवढ्याला तो वरचा 1.1 मीटर लागतो. शेजारच्याने त्यात मोटरसायकल घुसवली की आतला माणूस आतच अडकतो. आप्पाच्या स्कूटरचंही तेच आहे. साइड व्हील लावलेली गाडी दोन मोटरसायकलींची जागा खाते आणि ती मागे ढकलता येत नाही, कारण ढकलणारा माणूस तिच्यावर बसलेला असतो. त्याने गाडी लावली आणि मागून दोघांनी आपल्या गाड्या आडव्या टाकल्या, तर तो बँकेतून बाहेर येऊन त्या दोघांची वाट पाहत ताटकळत राहतो. हे त्याच्या बाबतीत महिन्यातून एकदा तरी होतं.

आणि तीस मीटर म्हणजे किती? अठ्ठ्याण्णव फूट. आप्पाच्या पावलाने पासष्ट पावलं. नियमातलं हे कमाल अंतर आहे. याहून लांब असू नये, असं. मी टेपने मोजलेल्या जागांमध्ये निंबाखालची ती जागा दारापासून त्रेचाळीस मीटरवर होती. साहेबांच्या गाडीची शेड चार मीटरवर.

उताराचं गणित तर कोणालाही करता येईल असं आहे. उतार एकास बारापेक्षा तीव्र नको, रुंदी किमान 1.8 मीटर, एका सरळ टप्प्याची लांबी 9 मीटरपेक्षा जास्त नको, दोन्ही बाजूंना दुहेरी कठडा, 80 आणि 90 सेंटीमीटर उंचीवर, आणि पृष्ठभाग न घसरणारा. आपल्याकडे इमारतीचा ओटा सहसा दोन फुटांचा असतो. एकास बारा म्हणजे दोन फुटांच्या ओट्याला चोवीस फुटांचा उतार. खान्देशात दारासमोर जो उतार आपण पाहतो तो सहा-सात फुटांचा असतो, कारण तो मोटरसायकल ओट्यावर चढवण्यासाठी टाकलेला असतो. त्यावरून चाकाची खुर्ची चढवायला दोन धट्टीकट्टी माणसं लागतात आणि उतरवताना तर तीन. कठडा नसतो. पण कागदावर त्याला 'रॅम्प उपलब्ध' म्हणतात. मी ज्या सात इमारतींसमोर टेप लावला त्यांतल्या पाच ठिकाणी उतार होता. एकास बारा एकही नव्हता. सगळ्यात सौम्य होता तो एकास पाच.

सात इमारतींवरून जिल्ह्याचा निष्कर्ष काढता येत नाही, आणि मी तो काढतही नाही. कोणती इमारत कोणाची हेही मी लिहीत नाही, कारण दोष एका मुख्याध्यापकाचा किंवा एका अधिकाऱ्याचा नाही. गवंड्याला कोणी सांगितलं नाही, ठेकेदाराला अंदाजपत्रकात लिहून आलं नाही, बिल काढणाऱ्याने टेप लावला नाही. पण वाचकांनी आपापल्या गावात एकदा मोजून पाहावं. टेप आणि अर्धा तास, एवढंच लागतं.

*

गावातच असं आहे, शहरात कायदा पाळला जातो, असं कोणाला वाटत असेल तर ऑक्टोबर 2023 मधली मुंबईतली गोष्ट आठवावी. विराली मोदी या चाकाची खुर्ची वापरणाऱ्या कार्यकर्त्या खारमधल्या विवाह नोंदणी कार्यालयात स्वतःच्या लग्नासाठी गेल्या. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, उद्वाहक नाही. सहीसाठी अधिकाऱ्यांनी खाली यावं ही विनंती मान्य झाली नाही. शेवटी नवरीला उचलून दोन मजले वर न्यावं लागलं. त्यांनी हे जाहीरपणे लिहिलं, देशभर बातमी झाली आणि तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्यांची माफी मागितली. माफी मागितली हे चांगलंच झालं. पण लग्नाच्या दिवशी दुसऱ्याच्या हातांवरून जिना चढणं हे ज्याच्या वाट्याला आलं त्यालाच कळेल. त्यात पडण्याची भीती असते, आणि भीतीपेक्षा मोठी अशी एक गोष्ट असते जिला आप्पा 'सामान होणं' म्हणतो. माणूस आपल्याला उचलतो तेव्हा क्षणभर आपण सामान होतो.

त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने एका चाकाची खुर्ची वापरणाऱ्या तरुणाच्या ईमेलची स्वतःहून दखल घेतली. तक्रार साधी होती: पदपथावर मोटरसायकली चढू नयेत म्हणून बसवलेल्या खांबांतून त्याची खुर्ची जात नव्हती. एकाला थोपवण्यासाठी केलेल्या उपायाने दुसराच माणूस थोपला गेला. नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची' मराठी वाचकांनी किती प्रेमाने वाचलं! कोल्हापुरात त्यांनी उभं केलेलं काम महाराष्ट्राला ठाऊक आहे. पुस्तक आपण घरात घेतलं, पण त्या खुर्चीला घरात यायला उतार मात्र केला नाही.

सर्वोच्च न्यायालयातला राजीव रतुरी यांचा खटला या सगळ्याच्या मुळाशी जातो. रतुरी दृष्टिहीन. त्यांनी 2005 मध्ये याचिका केली. डिसेंबर 2017 मध्ये न्यायालयाने सार्वजनिक इमारती आणि वाहतूक सुगम्य करण्याविषयी मुदती घालून निर्देश दिले. मुदती गेल्या, काम रेंगाळलं. मग हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठातल्या अपंगत्व अभ्यास केंद्राकडून न्यायालयाने अहवाल मागवला आणि 8 नोव्हेंबर 2024 रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने निकाल दिला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: कायद्याचं कलम 40 सक्तीचे नियम करायला सांगतं, आणि सरकारने नियम 15 मध्ये ज्या मार्गदर्शक पुस्तिकांचा हवाला दिला त्या 'असं करावं' एवढंच सुचवतात. कायदा सक्तीचा आणि नियम ऐच्छिक, हे चालणार नाही. म्हणून तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि ज्यांत तडजोड नाही अशी किमान सक्तीची मापं वेगळी काढून नियम करायला केंद्राला तीन महिने दिले.

मूळचा महाराष्ट्रातला माणूस त्या खंडपीठाच्या अध्यक्षस्थानी होता, याचा मला अभिमान वाटतो. पण त्याहून जास्त महत्त्वाचं म्हणजे या निकालाने आप्पाच्या त्या जेवतानाच्या वाक्याला न्यायालयाची भाषा दिली. कारकून चांगला असणं हे 'असं करावं' झालं. दारापाशी जागा असणं हे 'असं असलंच पाहिजे' आहे.

*

आता एका अशा गोष्टीकडे येतो जी आपल्या कायद्यात मला सापडली नाही.

इंग्लंडमध्ये 1970 साली अपंगांसाठी एक कायदा झाला आणि 1971 पासून तिथे गाडीच्या काचेवर लावायचं केशरी कार्ड मिळू लागलं. आता ते निळं आहे. हे कार्ड गाडीचं नसतं, माणसाचं असतं. आज मुलाच्या गाडीत, उद्या शेजाऱ्याच्या, परवा टॅक्सीत. माणूस बसला की कार्ड त्या गाडीला लागतं आणि राखीव जागा मिळते. 2019 पासून वरून न दिसणारं अपंगत्व असलेल्यांनाही ते मिळतं. अमेरिकेत 1990 च्या कायद्याने वाहनतळात पहिल्या पंचवीस जागांमागे एक जागा राखीव ठेवावी लागते. तिथे आमच्या नात्यातली मंडळी राहतात. आईवडिलांना घेऊन गेलेल्या मराठी मुलांना राखीव जागेवरचा खुर्चीच्या चित्राचा तो निळा चौकोन आणि तो इतरांनी मोकळाच सोडलेला पाहून काय वाटतं हे त्यांनी मला फोनवर अनेकदा सांगितलं आहे.

आपल्याकडे सवलत बहुतेक गाडीला चिकटवलेली आहे. अपंग व्यक्तीसाठी खास रचना केलेल्या वाहनाला राष्ट्रीय महामार्गावर टोल माफ आहे. आपल्या सोनगीरच्या आणि शिरपूरच्या टोल नाक्यावरही. ऑक्टोबर 2020 पासून वाहन नोंदणीच्या अर्जात मालकीच्या प्रकारात 'दिव्यांगजन' असा वेगळा पर्यायही आला. हे चांगलं आहे, पण ते मोटार विकत घेऊ शकणाऱ्याच्या उपयोगाचं. आमच्याकडे अपंग माणूस येतो तो मुलाच्या मोटरसायकलवर मागे बसून, काळी-पिवळीत, शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये, हाताने फिरवायच्या तीनचाकीवर, नाहीतर एसटीने, कारण एसटीत त्याला भाड्यात 75 टक्के सवलत आहे. त्याच्याजवळ वैश्विक ओळखपत्र असतं, ज्याला सगळे यूडीआयडी कार्ड म्हणतात. चाळीस ते ऐंशी टक्क्यांच्या आतलं अपंगत्व असेल तर पिवळी पट्टी, ऐंशी आणि वर असेल तर निळी. त्या कार्डावर पेन्शन मिळते, पास मिळतो, दारापाशी जागा मिळत नाही. आणि राखीव जागेत धडधाकट माणसाने गाडी लावली तर दंड किती, याचं स्वतंत्र कलम 2016 च्या कायद्यात नाही. कोणत्याही तरतुदीच्या भंगाला लागू होणारं सर्वसाधारण कलम 89 आहे, पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत आणि पुढे पन्नास हजार ते पाच लाख रुपये.

माझं स्पष्ट मत आहे की यूडीआयडी कार्ड हेच पार्किंगचं कार्ड झालं पाहिजे. नवीन काही छापायला नको, नवीन कार्यालय नको. कार्डधारक ज्या गाडीतून उतरला ती गाडी राखीव जागेत लावायला हक्काची. मोटरसायकल असो, पिकअप असो, तीनचाकी असो.

त्या निळ्या चौकोनातल्या चित्राची एक हकीकत वाचली ती इथे सांगतो. 1968 मध्ये डेन्मार्कच्या सुझान कोफोड या विद्यार्थिनीने ते काढलं. तिच्या चित्रात फक्त खुर्ची होती. नंतर वर एक गोल जोडला गेला, आणि खुर्चीत माणूस बसला. आपल्याकडे ते चित्र अनेक भिंतींवर रंगवलेलं आहे. खुर्ची रंगवली, गोलही रंगवला. त्या माणसाला आत कसं यायचं तेवढं रंगवणाऱ्याला कोणी सांगितलं नाही.

*

"पोलिओ गेला, आता असे लोक किती उरले?" असं मला एका जाणत्या माणसाने विचारलं. प्रश्न चुकीचा होता, पण मनापासून होता, म्हणून उत्तर देतो. भारतातला शेवटचा पोलिओ रुग्ण जानेवारी 2011 मधला, आणि मार्च 2014 मध्ये आपल्याला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. ही या देशाची फार मोठी कमाई आहे. पण पोलिओ झालेली मुलं गेली नाहीत, ती पन्नाशी-साठीत आली आहेत. चाळीस वर्षं ज्या खांद्यांनी कुबड्या पेलल्या ते खांदे आता दुखतात. आप्पा तिशीत असताना शंभर पावलं सहज टाकायचा. आता तीस टाकली की थांबतो.

आणि आमच्या गावाच्या पोटातून महामार्ग जातो. कमरेखाली जाण न राहिलेली तरुण मुलं या रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या गावांत आहेत. पंचविशीतली, काल-परवापर्यंत क्रिकेट खेळणारी. मळणी यंत्रात हात गेलेले आहेत. साखरेच्या आजाराने पाय काढावा लागलेले म्हातारे आहेत. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 29 लाख 63 हजार अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. तेव्हा प्रकार आठच विचारले होते. आता कायद्यात एकवीस आहेत. शिवाय गुडघे गेलेली माझी आई कोणत्याही यादीत नाही, पण चोवीस फुटांचा उतार झाला तर त्यावरून सगळ्यात आधी तीच चढेल.

*

पैसा नाही, हे उत्तर मला मान्य नाही. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा असा शासनाचा आदेश आहे. बहुतेक गावांत तो मार्चअखेरीला थोडा थोडा वाटला जातो. हातात दोन-तीन हजार पडतात, आणि गरिबाच्या घरात त्याची किंमत असते. तो बंद करा असं मी म्हणणार नाही. पण सार्वजनिक जागी उतार, कठडा, स्वच्छतागृह यांसाठीही हा निधी वापरता येतो. पांढऱ्या-निळ्या रंगाचा एक डबा, एक फलक, दारापाशी 3.6 मीटरची आखलेली जागा: याचा खर्च एखाद्या सत्कारातल्या शाली-नारळांपेक्षा कमी आहे. उताराला सिमेंट लागेल, कठड्याला पाइप लागेल. गावात वेल्डिंगवाले आहेत, गवंडी आहेत.

आणि सांगूनही होत नसेल तर दाद मागायची जागा आहे. पुण्याला राज्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे. आयुक्तांना चौकशीसाठी दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. त्यांनी शिफारस केली की संबंधित कार्यालयाने तीन महिन्यांत कार्यवाही कळवायची, आणि शिफारस मान्य नसेल तर का नाही ते कारणांसह कळवायचं. अर्ज साध्या कागदावर चालतो. महाराष्ट्राने डिसेंबर 2022 मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र मंत्रालयीन विभागही केला. म्हणजे ऐकायला माणूस आहे. आपण मात्र अर्जात 'सोय करून द्यावी ही नम्र विनंती' लिहितो. कलम 45 लिहा, मोजलेलं अंतर लिहा, पायऱ्या किती ते लिहा, फोटो जोडा.

आप्पाने या दिवाळीआधी असा पहिला अर्ज स्वतःच्या हाताने लिहिला. अक्षर सुंदर आहे त्याचं. अर्जात त्याने मागितलं ते एवढंच: दारापासून तीस मीटरच्या आत दोन गाड्यांची जागा, फलक, एकास बाराचा उतार आणि दोन्ही बाजूंना कठडा. खाली माप: सध्याचं अंतर 43 मीटर, पायऱ्या 4, कठडा नाही. पोच घेतली आणि ती पोच दुकानात मोटारीच्या बिलांच्या तारेला टोचून ठेवली आहे.

नरडाण्याच्या आणि आसपासच्या गावांतल्या वाचकांना माझी विनंती आहे. 26 जानेवारीला ग्रामसभा असते. येताना टेप घेऊन या, आपल्या शाळेच्या, दवाखान्याच्या आणि पंचायतीच्या दारासमोर आधी मोजून या, आणि ती मापं ठरावात लिहून घ्या. सभा ओट्यावर न घेता खाली मैदानात घ्या, म्हणजे आप्पालाही येता येईल.